हजेरीपटावर पूर्ण, कागदावर अर्धा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कामरगावचा. वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात आमचं गाव. माझी सगळी नोकरी परिसरातल्या एका खासगी शिक्षण संस्थेच्या कार्यालयात, मस्टर, पगारपत्रक आणि सेवापुस्तकं यांच्या संगतीत गेली. मी रुजू झालो तेव्हा पत्राच्या डोक्यावर ‘जिल्हा अकोला’ लिहीत होतो. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि शिक्के बदलले, पण काम तेच राहिलं. निवृत्तीनंतर संस्थेने पगाराचं सॉफ्टवेअर घेतलं आणि जुनी माहिती त्यात भरून देण्यासाठी मला पुन्हा बोलावलं. त्या सॉफ्टवेअरमधल्या एका रकान्याबद्दल आज बोलायचं आहे, कारण त्या रकान्यात माझ्या हातून चूक झाली आणि तिची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागली.

त्या रकान्याचं नाव होतं ‘पूर्णवेळ समतुल्य’. अर्थ अवघड नाही. एका पूर्णवेळ माणसाचं वर्षभराचं काम म्हणजे १. त्याच्या मानाने तुमचं काम किती, तो आकडा म्हणजे तुमचा पूर्णवेळ समतुल्य. अर्धवेळ ग्रंथपाल ०.५, तर दोन अर्धवेळ ग्रंथपाल मिळून १. शेतीच्या कामात आपण ‘रोज’ म्हणतो आणि अर्ध्या दिवसाला ‘अर्धा रोज’, तसंच हे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांमुळे ‘मनुष्यदिवस’ हा शब्द आपल्याकडे खेड्यापाड्यांत रुळला. तोही याच जातीचा.

आमच्या संस्थेच्या हजेरीपटावर २३ नावं होती. त्यांतली १५ पूर्णवेळ. उरलेल्या आठांत कुणी अर्धवेळ, कुणी तासिका तत्त्वावर, तर कुणी फक्त शाळा भरते तेवढे महिने काम करणारं. अशा आठ जणांचा आकडा काढताना तीन ठिकाणी पाय घसरू शकतो. तिन्ही क्रमाने सांगतो.

पहिलं ठिकाण म्हणजे पूर्णवेळ कशाला म्हणायचं. हे ठरल्याशिवाय अर्धवेळ ठरत नाही, आणि हे सगळीकडे सारखं नसतं. आमच्या कार्यालयाचा आठवडा सहा दिवसांचा, रोज सात तास, म्हणजे ४२ तासांचा. ग्रंथपाल रोज साडेतीन तास येत, म्हणजे आठवड्याला २१ तास. २१ भागिले ४२ म्हणजे ०.५. इथपर्यंत सरळ. अमेरिकेत २०१० साली आरोग्यविम्याचा कायदा झाला, त्यात आठवड्याला ३० तास काम करणारा माणूसही पूर्णवेळ धरला आहे. अर्धवेळ माणसांच्या महिन्याभराच्या तासांची बेरीज करून तिला १२० ने भागायचं, की त्यांचा पूर्णवेळ आकडा निघतो. तिथल्या त्या कायद्यासाठी ते बरोबर आहे, पण तोच छेद आपल्या शाळेला लावला तर सगळं चुकेल. छेद आपल्या नेमणूकपत्रातून आणि आपल्या नियमांतून यावा लागतो.

शिक्षकांच्या बाबतीत तर छेद आणखी जपून घ्यावा लागतो. आमच्या शाळेत चित्रकलेचे एक निदेशक आठवड्याला १२ तासिका घेत. तासिका ३५ मिनिटांची. सॉफ्टवेअर तास मागत होतं. १२ तासिका गुणिले ३५ मिनिटं म्हणजे सात तास. मी सात तास भरले, यंत्राने त्यांना ४२ ने भागलं आणि उत्तर आलं ०.१७. म्हणजे सहा शिक्षकांमागे एक! निदेशकांना हे सांगताच ते म्हणाले, “बाबूजी, वर्गातला तास तेवढा मोजला. साडेतीनशे वह्या कोण तपासते?” त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे पूर्णवेळ शिक्षकाला आठवड्याला ३० तासिका असत. त्या ३० तासिकाही घड्याळात मोजल्या तर साडेसतरा तासच भरतात. उरलेला वेळ टाचण, तपासणी, परीक्षा आणि बैठकांचा. तो पूर्णवेळ शिक्षकाच्या पगारात धरलेला असतो. मग निदेशकाच्या वाट्यालाही तो त्याच प्रमाणात धरायला हवा. तासिकेला तासिकेने भागायचं. १२ भागिले ३० म्हणजे ०.४.

नियमांतसुद्धा हाच भेद आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास काम सांगितलं आहे, पण ते ‘तयारीच्या तासांसह’. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाचा एकूण कार्यभार आठवड्याला ४० तासांचा आहे आणि त्यातलं प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचं. आता आठवड्याला ८ तास शिकवणारा माणूस किती? आठाला १६ ने भागलं तर ०.५, चाळिसाने भागलं तर ०.२. वर अध्यापन असेल तर खालीही अध्यापनच हवं, म्हणून उत्तर ०.५. आणखी एक बारकावा आहे. तासिका ४८ मिनिटांची असेल, तर १६ घड्याळी तास म्हणजे २० तासिका होतात. वर तासिका आणि खाली घड्याळी तास घेतले, तर आकडा वाढलेला दिसतो. तासिकेचा दर घड्याळी तासांना लावला, तर रक्कम कमी होते. म्हणून एकक आधी एक करून घ्यावं, मग भागाकार करावा.

दुसरं ठिकाण म्हणजे वर्षाचे आठवडे. अर्धवेळ माणूस दिवस कापून येतो, पण वर्षभर येतो. शाळेच्या सत्रापुरता येणारा माणूस वर्ष कापून येतो. आपल्याकडे याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी आणि मदतनीस बाया. केंद्राच्या योजनेत त्यांचं मानधन वर्षाच्या १० महिन्यांसाठीच धरलेलं असतं. आमच्या संस्थेच्या वसतिगृहातही अशीच एक मावशी होती. स्वयंपाकाला रोज साडेतीन तास, आठवड्याला २१ तास. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हापासून एप्रिलपर्यंत तिचं काम. प्रत्यक्ष कामाचे आठवडे ४० आणि संस्थेने दिलेली दिवाळीची पगारी सुटी ३ आठवडे, असे एकूण ४३.

तिचा हिशेब असा. दिवसाचा अंश ०.५. वर्षाचा अंश ४३ भागिले ५२. दोन्हींचा गुणाकार ०.४१३५. पगारी सुटीचे तीन आठवडे धरले नाहीत, तर हाच आकडा ०.३८ वर येतो. सुटीचा पगार द्यायचा आणि आकड्यात मात्र तो धरायचा नाही, असं बऱ्याच ठिकाणी होतं, कारण सॉफ्टवेअर ‘कामाचे आठवडे’ विचारतं आणि भरणारा शब्दशः कामाचेच भरतो. तिथे पगारी आठवडे भरायचे असतात. वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि एक दिवस. छेद ५२ धरायचा की ५२.१४, हे संस्थेने एकदा ठरवून सगळ्यांना सारखंच लावावं.

आता तिसरं ठिकाण. मी पडलो ते इथेच.

आकडे सांगायला सोपे जावेत म्हणून गोल करून सांगतो. त्या पदाचा पूर्णवेळ पगार महिन्याला १३,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,५६,००० रुपये, म्हणजे आठवड्याला ३,००० रुपये धरा. मावशीचे ४३ आठवडे, तेही अर्धे. वर्षाची तिची रक्कम ६४,५०० रुपये. रजिस्टर होतं तोवर आम्ही ही रक्कम जुलै ते एप्रिल अशा दहा महिन्यांत देत होतो, महिन्याला ६,४५० रुपये. मे आणि जून कोरे.

सॉफ्टवेअर आलं. मी रकान्यात ०.४१३५ भरलं. यंत्राने १३,००० ला तेवढ्याने गुणलं आणि मावशीचा महिना आला ५,३७५ रुपये. जुलैचा पगार हाती पडला तशी ती कार्यालयात आली. म्हणाली, “बाबूजी, रजिस्टर होतं तवा पैसे जास्त भेटत होते. मशीन आली अन् कमी कसे झाले?”

मी तिला समजावलं. म्हटलं, “मावशी, कमी नाही झाले. वर्षाची रक्कम आता बारा महिन्यांत वाटली आहे. उन्हाळ्यात काम नसलं तरी पगार येईल.” तिला ते पटलं. उन्हाळ्यात हाती पैसा येणार म्हणून ती खूशच झाली. उसनवारी करायची वेळ येणार नाही, असं म्हणत गेली.

माझं बोलणं हिशेबाने बरोबर होतं. ५,३७५ ला बाराने गुणलं तर ६४,५०० च होतात. पण त्याच पडद्यावर खाली आणखी एक रकाना होता, ‘पगाराचे महिने’. जुन्या रजिस्टरवर बघून मी तिथे १० भरलं होतं.

मे महिन्याचा पगार आला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर, मावशी पासबुक घेऊन दारात उभी. घरी चार एकर कोरडवाहू शेत आणि सोयाबीनचं बियाणं घ्यायचं होतं. तिने त्या पैशांचा भरवसा धरून कुणाला तरी शब्द दिला होता. मी पडदा उघडून पाहिला आणि काय झालं ते लक्षात आलं. उन्हाळ्याचे दोन महिने मी एकदा आकड्यात कापले होते आणि पुन्हा एकदा हप्त्यांत कापले होते. ५,३७५ गुणिले १०, म्हणजे तिला वर्षभरात ५३,७५० मिळाले. १०,७५० रुपये कमी. यंत्राने एकही बेरीज चुकवली नव्हती. मी जे सांगितलं तेच त्याने केलं होतं.

मावशीला मी पडद्यावरचा आकडा दाखवला आणि चूक माझी असल्याचं सांगितलं. तिने शून्य आणि पुढचे अंक बघितले आणि विचारलं, “मंग बाबूजी, मी अर्धा मानूसबी नाही काय?” ती रागाने बोलली नव्हती. खरंच विचारत होती. मला उत्तर सुचायला वेळ लागला. मग म्हटलं, “हा आकडा तुमचा नाही मावशी, तुमच्या तासांचा आहे.” उत्तर बरोबर होतं, पण त्या दिवशी तिचं बियाणं त्याने येणार नव्हतं. संस्थेच्या मंडळींपुढे मी लेखी टिपण ठेवलं. फरकाची रक्कम त्याच महिन्यात मंजूर झाली. मग बाकीच्या नोंदी उघडून पाहिल्या, तर आणखी दोघांच्या बाबतीत हीच गत. त्यांनी मात्र विचारलंच नव्हतं. मावशी जुलैत बोलली तेव्हा मी तिला समजावण्याऐवजी पडदा उघडला असता, तर तिघांचंही वर्ष वाचलं असतं.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि जिथे बोलावतील तिथे सांगतो. आकड्यात सुटी कापली असेल तर हप्ते बारा. हप्ते दहा ठेवायचे असतील तर वर्षाच्या रकमेला दहाने भागा. दोन्हीकडे कापू नका. आणि खात्री करायची तर महिना पाहू नका, वर्षाची बेरीज पाहा. ती बेरीज नेमणूकपत्रातल्या तासांशी आणि आठवड्यांशी कागदावर जुळली पाहिजे.

दशांशाचंही असंच आहे. पडद्यावर ०.४१ दिसतं म्हणून तेवढंच भरलं, तर महिना ५,३३० रुपयांचा होतो. महिन्याला ४५ आणि वर्षाला ५४० रुपये कमी. दाखवताना दोन अंक दाखवावेत, पण हिशेबात पूर्ण अपूर्णांक ठेवावा.

सुटी दोनदा कापली जाण्याचा हा वाद आपल्यापुरता नाही. ब्रिटनमध्ये एका शाळेतल्या संगीत शिक्षिकेचं प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बाई कायम नोकरीत होत्या, पण शिकवत सत्रापुरत्या. तिथे वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा असते. पूर्ण वर्षातून रजा वजा केली तर कामाचे ४६.४ आठवडे उरतात आणि ५.६ ला त्याने भागलं की १२.०७ टक्के येतात. शाळा तेवढाच रजेचा पगार देत होती. बाईंचं म्हणणं, माझा सरासरी आठवड्याचा पगार काढा आणि मला ५.६ आठवडे द्या. वर्षात ३२ आठवडे काम असेल तर हे १७.५ टक्के होतात. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. पुढे सरकारने नियमच बदलले आणि १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या रजावर्षांसाठी अशा कर्मचाऱ्यांना १२.०७ टक्क्यांची पद्धत लागू केली. कुणाचं बरोबर हा भाग सोडा. एक साधा भागाकार कुठे लावायचा आणि कुठे नाही, यावर एवढ्या मोठ्या देशात वर्षानुवर्षं भांडण चाललं, तर आपल्या कार्यालयातल्या बाबूने तो डोळे झाकून लावू नये, इतकंच.

आता हा आकडा कुठे वापरायचा नाही, तेही सांगतो. रजेचंच घ्या. किरकोळ रजा वर्षाला १२ दिवस असेल आणि दोघे कर्मचारी ०.५ चे असतील, तर दोघांना सहा-सहा दिवस, असं सॉफ्टवेअर म्हणेल. पण एक जण रोज साडेतीन तास येतो आणि दुसरा आठवड्यातून तीन दिवस पूर्ण येतो. दोघांच्या वाट्याला रजेचे ४२ तास येतात. पहिल्याचे त्यात १२ दिवस भरतात, कारण त्याचा दिवसच साडेतीन तासांचा. दुसऱ्याचे सहा. म्हणून अर्धवेळ माणसाची रजा तासांत ठेवावी.

सेवेची वर्षंही या आकड्याने कापू नयेत. ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटच्या वेतनावर आणि सेवेच्या वर्षांवर होतो. अर्धवेळ माणसाचं वेतन आधीच अर्धं असतं. त्याची दहा वर्षं पाच धरली, तर कात्री पुन्हा दोनदा चालते. दहा वर्षं कामावर असलेल्या माणसाची सेवा दहाच वर्षांची.

वर्षाच्या मध्ये काम बदललं तर आजचा आकडा आणि वर्षाची सरासरी वेगळी ठेवावी. आमचे निदेशक सहा महिने १२ तासिका घेत होते आणि पुढचे सहा महिने १८. आजचा आकडा ०.६, वर्षाची सरासरी ०.५. पुढच्या महिन्याच्या पगाराला पहिला लागतो, वर्षाच्या खर्चाच्या ताळेबंदाला दुसरा. बदलाची तारीख न टाकता जुना आकडा खोडून नवा भरला, तर यंत्र मागचं सगळं वर्ष ०.६ धरतं.

आणि शेवटचं, डोकी. आमच्या २३ नावांची बेरीज यंत्राने १८.३ दाखवली. पुढच्या वर्षी किती तासांचं काम उपलब्ध आहे, पगारावर किती खर्च येईल, हे बघायला १८.३ उपयोगी. पण ओळखपत्रं २३ लागतात. पिण्याचं पाणी, बसायला खुर्च्या २३ जणांना लागतात. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याने २० व्यक्तींची मर्यादा घातली, तीही व्यक्तींची आहे, समतुल्यांची नाही. १८.३ दाखवून ‘आम्ही विसाच्या खाली’ म्हणता येत नाही. मनुष्यदिवसांचंही तसंच असतं. शंभर मनुष्यदिवस म्हणजे एकाचे शंभर दिवस की शंभर जणांचा एक दिवस, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी मस्टरच उघडावं लागतं.

श्रोतेहो, आपल्यापैकी कुणी संस्थेच्या कार्यालयात असाल, तर पगाराच्या आधी एका कागदावर पाच ओळी लिहा. या पदाला पूर्णवेळ म्हणजे किती. या माणसाचं त्याच एककात किती. वर्षात पगारी आठवडे किती. त्यावरून वर्षाची रक्कम किती. आणि ती किती हप्त्यांत. कागदावरची वर्षाची रक्कम आणि पडद्यावरची वर्षाची रक्कम जुळली, तरच बटण दाबा. आणि आपण स्वतः अर्धवेळ किंवा सत्रापुरतं काम करत असाल, तर ह्याच पाच ओळी कार्यालयाकडून मागून घ्या. विचारण्यात संकोच नको.

मावशी अजून वसतिगृहात आहे. यंदा मे महिन्याचा पगार जमा झाला त्या दिवशी ती पासबुकात नोंद करून आणून मला दाखवून गेली. मी तिच्यासमोरच बाराही हप्त्यांची बेरीज केली. ६४,५०० भरली. तिने ती पुन्हा एकदा करायला लावली, आणि मी केली.